मुलांचं कपाट

मेणकाकांचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामाने विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" मध्यस्थाने घाईघाईत सांगितलं, "दवाखान्यात असतो. मेणाचं काम आहे." मामाला वाटलं, मेणबत्त्यांचा कारखाना असेल आणि दवाखान्याला माल जात असेल. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नव्या नवरीने नवऱ्याचा शर्ट धुवायला घेतला, नाकाजवळ नेला आणि मामाच्या नावाने बोटं मोडली. तो वास मेणाचा नव्हता. तो औषधाच्या बरणीचा होता, आणि पुढे कुठल्याही साबणाने तो कधी गेला नाही.

काम तसं सांगायला सोपं आहे. शस्त्रक्रियेत काढलेला शरीराचा तुकडा बरणीतून तळघरात येतो. काका त्यातलं पाणी उतरवतात, त्या जागी वितळलेलं मेण भरतात आणि तुकडा मेणाच्या चौकोनी वडीत बसवतात. वडी बर्फावर थंड करायची, यंत्राच्या पात्याखाली धरायची आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. काप कोमट पाण्यावर तरंगतो. तो काचेच्या पट्टीवर अलगद उचलायचा, दुधावरची साय उचलावी तसा. मग रंग चढवायचा आणि काच वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे पाठवायची. गाठ साधी की वाईट हे डॉक्टर त्या काचेवरून ठरवतात. काकांना जिन्यात कुणी अडवून विचारलं तर ते म्हणतात, "मी फक्त मेण लावतो."

हाडाचं मात्र वेगळं. हाड चुन्यामुळे कडक, त्यावर पातं चालत नाही, उलट पात्याचीच धार जाते. म्हणून हाडाचा तुकडा आधी ऍसिडच्या बरणीत ठेवायचा, त्यातला चुना उतरेपर्यंत. काका अधूनमधून सुई टोचून बघत. सुई कचकन अडली की म्हणत, "अजून नाही." भिजलेल्या चामड्यात शिरावी तशी शिरली की म्हणत, "झालं." या एका बाबतीत त्यांना स्वतःच्या हाताचा अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

तळघराच्या टोकाला एक लोखंडी कपाट होतं. ठरावीक वर्षांनी जुन्या वड्या टाकून द्यायचा नियम होता आणि बाकी सगळ्या वड्यांना तो लागू व्हायचा. या कपाटातल्यांना नाही. काका नोकरीत नवे होते तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना एकदा सांगितलं होतं, "लहान मुलांच्या हाडातल्या आणि मांसातल्या गाठी आपल्याकडे वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या येतात. मोठ्यांच्या आजारावर अभ्यास करायला सगळं जग बसलंय. या पोरांच्या आजारावर करायचा म्हटला, तर कुणाकडे पुरेसे तुकडेच नसतात. हे टाकू नकोस." डॉक्टर निवृत्त झाले, पुढे वारलेही. काकांनी मात्र शब्द पाळला. उंदरांना मेण भलतंच आवडतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. काकांनी कपाटाची भोकं बुजवली, कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि उन्हाळ्यात वड्या पाघळू नयेत म्हणून कपाटावर ओली फडकी टाकली.

"माझ्या कपाटात एक गोळी टाकत नाही हा माणूस," बायको शेजारणीला सांगायची, "आणि तिकडे त्याच्या सवतीला रोज आंघोळ."

दवाखान्यात त्याला सगळे मुलांचं कपाट म्हणायचे. त्याच्याकडे काम म्हणून कुणी येत नसे. फक्त एक माणूस दर वर्षी येऊन विचारायचा, "आहे ना अजून?"

तो दवाखान्यामागच्या रस्त्यावरचा सायकलवाला. त्याची मुलगी बाराव्या वर्षात असताना तिचा गुडघा दुखायला लागला. पोरगी दिवसभर सायकलवर असायची, त्यामुळे बापाला कारण समोरच दिसत होतं: सीटची उंची चुकली असणार. त्याने सीट बोटभर वर केलं. दुखणं थांबेना तेव्हा खाली केलं. मग थोडं मागे सरकवलं. शाळेच्या मास्तरांनी सांगितलं, वाढीचं दुखणं आहे. आत्याने तेल चोळलं. गुडघ्याच्या वर सूज आली आणि पोरगी रात्री दुखण्याने उठून बसायला लागली, तेव्हा कुठे एक्स-रे फोटो काढला. फोटो बघून डॉक्टरांनी हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

तो तुकडा तळघरात आला, आणि त्याच्या मागोमाग बापही.

"काका, झालं का?"

"हाड आहे, दादा. वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तो भांडत नव्हता, आवाज चढवत नव्हता. दारात उभा राहायचा, हाताला ग्रीस लागलेलं असायचं म्हणून चौकटीला हात न लावता. काकांना त्याच्याकडे बघवेना. मेण वितळवायच्या भट्टीच्या माथ्यावर एक ऊबदार जागा होती. ऍसिड गरम झालं की झपाट्याने काम करतं, हे काकांना माहीत होतं. त्यांनी बरणी उचलून तिथे ठेवली. हाड लवकर मऊ झालं, काप सुरेख आले आणि रिपोर्ट अपेक्षेआधी गेला. सायकलवाल्याने दोन्ही हात जोडले. बातमी वाईट होती, पण वाट बघणं तरी संपलं होतं. त्या आठवड्यात काका घरी बायकोशी जरा जास्तच गोड बोलत होते.

पोरीवर उपचार झाले. सव्वा वर्षाने ती गेली.

पुढच्या वर्षी एका रविवारी सकाळी सायकलवाल्याने दुकानासमोर माईक लावला आणि लोकांना सायकली घेऊन बोलावलं. शहराला एक फेरी मारायची आणि जे देता येईल ते मुलांच्या या आजारावरच्या संशोधनासाठी द्यायचं. वाटेत ज्याची सायकल पंक्चर होईल तिचं पंक्चर तो फुकट काढणार. पहिल्या वर्षी बहुतेक गिऱ्हाईकंच आली. मग शाळा आल्या, व्यायामशाळा आल्या, आणि फेरी दर वर्षीची झाली. फेरी सुटण्याआधी तो दोन गोष्टी सांगायचा. पहिली सगळ्या आईबापांना: "पोरांचं दुखणं हटत नसेल, सूज असेल, झोपेतून उठवत असेल, तर तेल-मालीश आणि सीट वर-खाली करत बसू नका. फोटो काढा. बहुतेकांना काही निघणार नाही. हसत घरी जा आणि मला शिव्या द्या." आणि दुसरी: "माझी पोरगी अजून या दवाखान्याच्या तळघरात काम करते. पगार घेत नाही, रजा घेत नाही. तिचा तुकडा मेणकाकांनी जपलाय. एक दिवस त्यातून काहीतरी कळेल."

लोक टाळ्या वाजवायचे. काका शेवटच्या रांगेत उभे असायचे आणि घरी परत जाताना ताठ चालायचे.

फेरीच्या पैशातून अखेर एक अभ्यास उभा राहिला. तो करायला एक तरुण डॉक्टरीण आली, जाड चष्मा आणि पाठीवर शाळेसारखं दप्तर. कपाट उघडल्यावर तिने एकेक वडी उजेडात धरून बघितली. मग म्हणाली, "काका, हे तुम्ही कसं ठेवलंत? लोकांकडे असं काहीच नसतं." काकांनी तिला उंदरांचा सगळा इतिहास ऐकवला. प्रत्येक वडीतून चिमूटभर खरवडून ती घेऊन गेली. पेशीच्या आत जे लिहिलेलं असतं, ज्याला ती डीएनए म्हणायची, ते वाचायचं, कुठल्या ओळीत बिघाड झाला ते शोधायचं, असं काम होतं.

दीड-दोन महिन्यांनी ती परत आली, दप्तर न उतरवताच स्टुलावर बसली.

"काका, मांसातल्या गाठींच्या वड्या छान निघाल्या. जुन्या आहेत, पण वाचता येतात. हाडांच्या मात्र…" तिने मान हलवली. "कोऱ्या आहेत."

"जुन्या झाल्या म्हणून?"

"मांसाच्याही तेवढ्याच जुन्या आहेत. फरक एकच आहे, हाडं ऍसिडमधून गेली. ऍसिड चुना काढतं, पण आतलं लिखाणही खातं. काचेखाली पेशी दिसते तशीच दिसते, म्हणून कुणाला कळत नाही. काहींमध्ये थोडं उरलंय. काही मात्र पार धुतल्यासारख्या आहेत. ऍसिड तापवलं की असं होतं."

काका पात्यावरचं मेण पुसत होते. पातं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"सायकलवाल्याच्या मुलीची?"

"ती पार धुतलेली."

तिने मग घाईने सांगितलं की यात काकांची चूक नाही, बहुतेक ठिकाणी हाच प्रकार चालतो, तेव्हा हे कुणाला ठाऊकही नव्हतं. यापुढे काय करायचं तेही सांगितलं. ऍसिड लावायच्या आधी गाठीचा मऊ भाग वेगळा काढायचा, त्याची वडी लगेच करायची आणि कणभर गोठवून ठेवायचा. कडक भाग सौम्य द्रावणात टाकायचा. त्याला दिवस जास्त लागतात, पण ते लिखाणाला धक्का लावत नाही. मऊ भागावरून डॉक्टरांना पहिलं उत्तर मिळतंच, त्यामुळे उपचार अडत नाहीत. हे छोट्या छोट्या प्रयोगशाळांपर्यंत पोचलं तरच पुढचा अभ्यास होईल, आणि त्याला अजून काही वर्षं फेरीचा आधार लागेल.

"फेरीच्या दिवशी मला बोलायला सांगितलंय," ती उठताना म्हणाली. "मी 'काही नमुने फार जुने होते' एवढंच म्हणेन. त्यांना कशाला… काका, ते थांबले तर सगळंच थांबेल हो."

जुने होते. वाक्य खोटं नव्हतं, आणि काकांच्या पदरात आयतं पडलं होतं. फेरी रविवारी होती. सायकलवाला माईक घेणार, पोरगी काम करते असं म्हणणार, लोक टाळ्या वाजवणार. सांगितलं तर तो माईक कायमचा खाली ठेवेल, अशी भीती. नाही सांगितलं तर दर वर्षी उभं राहून ते वाक्य ऐकायचं.

शनिवारी दुपारी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मग?" बायको म्हणाली.

"मग काय? मी आपला मागे उभा असतो."

"मागेही ऐकू येतं. त्याचा आवाज म्हणजे टायर फुटल्यासारखा."

"त्याच्या डोक्यात राहील गं, की त्याने घाई केली म्हणून झालं."

"आणि तुमच्या डोक्यात काय राहील?" तिने ताट उचललं. "दोन दिवस झाले, तुम्ही मिठाऐवजी साखर घेताय. मी काही बोलले नाही. पण गोड होते ती माझ्या हातची भाजी."

काकांनी सायकल काढली आणि दुकानाकडे हातात धरून चालत गेले.

सायकलवाला एक चाक उभं करून त्याच्या तारा कसत होता. चाक फिरवायचं, कुठे वाकडं जातं बघायचं, किल्लीने तार पाव आटा फिरवायची, पुन्हा चाक फिरवायचं.

"या काका. काय झालं?"

"ब्रेक घासतोय."

"तुमच्या सायकलचा? तो घासायला आधी सायकल चालवावी लागते."

काका बाकावर बसले नाहीत. "तुमच्या लेकीच्या वडीबद्दल सांगायचंय," ते म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. मांसाच्या वड्या बोलल्या, हाडांच्या नाही बोलल्या, आणि का.

सायकलवाल्याने हात काढून घेतला होता, पण चाक फिरतच होतं. ते थांबेपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे कोरी?"

"पेशी दिसते. आतलं काही वाचता येत नाही."

"सगळ्याच हाडांच्या तशा?"

इथे 'हो' म्हणून सुटता आलं असतं.

"तुमची जास्त. बरणी मी भट्टीच्या माथ्यावर ठेवली होती. लवकर व्हावं म्हणून."

"मी रोज येत होतो म्हणून."

"येतात सगळेच. बरणी मी ठेवली."

सायकलवाल्याने किल्ली तारेला लावली, फिरवली, आणि पाव आट्याच्या जागी अख्खा फिरवला. चाक वेडंवाकडं डुलायला लागलं. त्याने ते तसंच राहू दिलं.

"मी तिचं सीट तीनदा बदललं, काका. मला सीट येत होतं. तुम्हाला बरणी येत होती." समोरून एक बाई हवा भरायला आली, त्याने हवा भरून दिली. परत आला तेव्हा काका अजून तिथेच उभे होते. "ब्रेकचं खरंच काही आहे का?"

"नाही."

"मग न्या सायकल. जागा अडते."

रविवारी सकाळी काका आणि त्यांची बायको लवकरच जाऊन मागे उभे राहिले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. लोक जमले, पोरं घंट्या वाजवत होती, चष्मेवाली डॉक्टरीण हातातल्या कागदाची पुन्हा पुन्हा घडी करत होती. शटर वर गेलं आणि सायकलवाला बाहेर आला. त्याने माईक घेतला, सीटची गोष्ट नेहमीसारखी सांगितली, फोटो काढा म्हणाला. मग थांबला.

"दर वर्षी मी म्हणतो, माझी पोरगी तळघरात काम करते. ते आता म्हणणार नाही. तिच्या तुकड्यातून काही वाचता येत नाही. हाड मऊ करायला वेळ लागतो, तेवढा मी दिला नाही. रोज जाऊन घाई केली. ऍसिडने सगळं—"

"बरणी मी गरम केली!"

सगळे मागे वळले. काकांना स्वतःलाच कळलं नाही आपण एवढ्या मोठ्याने बोललो ते. बायकोने त्यांच्या पाठीला हात लावला, तो थोपटण्याचा होता की ढकलण्याचा हे सांगता येणार नाही, पण काका दोन पावलं पुढे गेले खरे.

"हे मेणकाका," सायकलवाला माईकवर म्हणाला. "भांडण श्रेय घेण्यावरून होतं असं मी ऐकलं होतं. हे उलटंच चाललंय." काही लोक हसले, काही हसले नाहीत. "या पुढे. पण उंदरांबद्दल बोलायचं नाही, नाहीतर फेरी दुपारी निघेल."

काका माईकसमोर दोन मिनिटंही बोलले नसतील. बरणी कुठे ठेवली होती, त्याने काय झालं आणि आता मऊ भाग आधी वेगळा कसा काढायचा, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी आपला कागद दप्तरात टाकला आणि जुन्या नमुन्यांचं वाक्य बोललंच गेलं नाही. त्या वर्षी देणगीचा डबा नेहमीपेक्षा जड झाला की हलका, यावर दुकानाच्या फळीवर बसून लोकांनी बराच वाद घातला. पण फेरी निघाली, आणि पुढच्या वर्षीचा रविवार त्याच दिवशी ठरला. फेरीच्या पैशातून तळघरात गोठवणपेटी आली. काका सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतल्या प्रयोगशाळांत जायला लागले. तिथली त्यांच्याच वयाची माणसं आधी हात झटकायची, "आमच्याकडे असं कुणी करत नाही." मग काका भट्टीच्या माथ्याबद्दल सांगायचे, आणि समोरच्याची नजर हळूच कोपऱ्यातल्या स्वतःच्या भट्टीकडे जायची.

मुलांचं कपाट तसंच राहिलं. ती वडी तिच्या जागी आहे. एकदा सायकलवाल्याने ती बघायला मागितली, तळहातावर घेतली, उजेडात धरली.

"हिचं काय करायचं आता?"

"ठेवायची," काका म्हणाले. "शिकाऊ डॉक्टरांना आजार ओळखायला हिचेच काप दाखवतात. हा आजार काचेखाली दिसतो कसा, ते त्यांनाही शिकावं लागतं."

त्याने वडी परत दिली. जाताना पिशवीतून एक जुनं, चामडं फाटलेलं सीट काढलं आणि भट्टीच्या माथ्यावर ठेवलं. "असू द्या इथे. जागा अडू दे." काकांनी ते कुणाच्या सायकलचं म्हणून विचारलं नाही.

परवा पुन्हा एका लहान मुलाच्या खांद्याचं हाड आलं. काकांनी मऊ भाग वेगळा केला, त्याची काच वर गेलीसुद्धा, पहिलं उत्तर डॉक्टरांच्या हातात पडलं. कडक तुकडा सौम्य द्रावणात आहे, टेबलावर, भट्टीपासून लांब. पण पूर्ण रिपोर्ट म्हटला की आईबापांचा जीव टांगणीला लागतो तो लागतोच. दुपारी बाहेर पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली.

"झालं का हो?" एका बापाचा आवाज.

काकांनी दाराकडे जायला स्टूल मागे सरकवलं. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून दुसरा, टायर फुटल्यासारखा आवाज आला. दुकान बंद असतं त्या वेळात तो हल्ली इथे येऊन बसतो.

"बसा इथे. आत नका जाऊ."

"फक्त विचारतो."

"विचारलं की ते दयाळू होतात. आणि दयाळू झाले की घोटाळा करतात. मला विचारा. मुलगा किती वर्षांचा?"

बाक करकरला. बाहेर बोलणं सुरू झालं, हळू, तुटक.

काकांनी स्टूल पुन्हा पुढे ओढलं. चिमट्याने तुकडा उचलला, सुईकडे हात गेला होता तो, टोचल्याने पेशी फाटतात म्हणून, मागे घेतला, आणि कडेने जरासा वाकवून बघितला. वाकला नाही.

"अजून नाही," ते बरणीला म्हणाले, आणि झाकण लावलं.